तीन धंदे आणि एक फोन

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. भोसरीत माझं सीएनसीचं (संगणकावर चालणाऱ्या मशिनचं) जॉबवर्क आहे, म्हणजे कस्टमरच्या मालावर काम करून देतो. दोन मशिनं, चार ऑपरेटर. दोन वर्षांपूर्वी मोशीला मिसळीचं हॉटेल काढलं, तिथे सौ. मदत करते. शिवाय दोन छोटे टेम्पो भाड्याने लावलेत. पहाटे पाचला उठतो, घरी यायला रात्रीचे अकरा होतात, तरी एकही काम वेळेत होत नाही. जीएसटीची तारीख वर्षात तीनदा चुकली. मोबाइलवर वेळापत्रकाची दोन ॲपं घेतली, आठवड्यात गुंडाळली. मॅनेजर ठेवू का?
— एक वाचक, मोशी

उत्तर : तुमचं पत्र वाचून मला २००६ सालची दिवाळी आठवली. आमचाही शेड भोसरीतच. एक सीएनसी लेथ, एक पिकअप, आणि दिवाळीत मी घरून फराळाच्या ऑर्डरी घ्यायची. ऑपरेटर गावी गेलेला, म्हणून मशिनवर मीच उभी होते. बत्तीस मिलिमीटरच्या बोअरचा, म्हणजे गोल भोकाचा, जॉब होता. इन्सर्ट, म्हणजे कापणारं टोक, झिजला की बोअर बारीक यायला लागतो, मग मशिनमधला ऑफसेट, म्हणजे मापाची दुरुस्ती, वाढवून द्यावा लागतो. मला वीस मायक्रॉन द्यायचे होते, म्हणजे ०.०२ मिलिमीटर. तेवढ्यात ड्रायव्हरचा फोन. ‘ताई, गेटवर अडवलंय, मालाच्या चलनावर शिक्का नाही.’ फोन खांद्यात धरून त्याला शिक्का कुठल्या खणात आहे ते सांगत मी ०.२ टाकलं आणि सायकल स्टार्ट दाबलं. पहिल्या नगाला गेज लावायचं राहून गेलं. शेहेचाळीस नग झाल्यावर नो-गो गेज, जो भोकात जाताच कामा नये, तो सरळ आत गेला. मोठा झालेला बोअर पुन्हा लहान कुठून करणार? माल कस्टमरचा होता. नुकसानीची डेबिट नोट आली ती त्या वर्षीच्या चकल्या-करंज्यांच्या सगळ्या कमाईपेक्षा मोठी.

माझे सासरे ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ म्हणून मोकळे झाले. मला तेव्हा राग आला होता. अजूनही ते पूर्ण पटत नाही, कारण मंदीत शेड बंद होता तेव्हा त्याच चिंध्यांनी घर चालवलं.

पण तुमच्या तीन धंद्यांचा वेळ एका जातीचा नाही, हे आधी बघा. मशिनला सलग वेळ लागतो. सेटिंगचे दोन तास मधे कुणी हाक न मारता मिळाले पाहिजेत, तुकड्यातुकड्याने मिळून उपयोग नाही. मिसळीचा वेळ घड्याळाला बांधलेला. सकाळी आठ ते अकरा जे काय व्हायचं ते होतं, बाराला कट उरला तर उरला. आणि टेम्पोचा वेळ तुमचा नसतोच. तो कस्टमरच्या गेटवरच्या वॉचमनचा असतो. आता होतं असं की हा तिसरा पहिल्या दोघांना फोनवरून फोडत राहतो. ॲपमधे तुम्ही ‘१० ते १२ सेटिंग’ लिहिलं असेल, ड्रायव्हरला ते कुठे माहीत?

म्हणून एक शंभर पानी वही घ्या. सात दिवस प्रत्येक फोन लिहायचा : कोण, कशासाठी, तुम्ही काय सांगितलंत. मी लिहिले तेव्हा एका बुधवारी एक्केचाळीस फोन निघाले. त्यातल्या सव्वीस जणांना मी आदल्या दिवशीचंच उत्तर दिलं होतं. ‘पाचशेपर्यंतची दुरुस्ती करून टाक’, ‘हो, तोच पाववाला’, ‘चलन माझ्या टेबलाच्या उजव्या खणात’. ही उत्तरं मी मार्करने पुठ्ठ्यावर लिहून शेडमधे टांगली आणि ड्रायव्हरला शिक्का मारलेली दहा चलनं आगाऊ देऊन ठेवली. लोक म्हणाले, कोरी चलनं देतेस, फसशील. दोन वर्षांत एक चलन हरवलं, तेही पावसात भिजून. (कोरं चलन म्हणजे नंबर टाकलेलं आणि रजिस्टरला चढवलेलं, बरं का. तेवढं मात्र सोडू नका.)

आता तुमच्या पत्रातला एक शब्द. ‘सौ. मदत करते.’ मिसळीची उसळ पहाटे कोण शिजायला टाकतं? तुम्ही पाचला उठता तेव्हा वहिनी कधीच्या उठलेल्या असणार. मग गल्ल्याची किल्ली कुणाकडे? फरसाणवाल्याला पैसे द्यायचे तर त्या तुम्हाला फोन करतात का? करत असतील तर तुमच्या वहीत तो फोन रोज दिसेल. हॉटेलचं बँक खातं वेगळं काढा, सहीचा अधिकार त्यांना द्या, आणि पाववाला बदलायचा की नाही हे तुम्ही विचारूसुद्धा नका. ज्या दिवशी त्या चुकीचं फरसाण घेतील त्या दिवशीही गप्प बसा. मला हे जड गेलं नाही, माझ्या नवऱ्याला फार गेलं.

टेम्पोंबद्दल माझं मत तुम्हाला आवडणार नाही. डिझेल, हप्ता, विमा, टायर आणि ड्रायव्हरचा पगार वजा करून महिन्याचं काय उरतं ते काढा, आणि त्यासमोर वहीतले टेम्पोचे फोन मोजून लिहा. आम्ही २०११ मधे पिकअप आमच्या ड्रायव्हरलाच विकला, हप्त्याने. तो आजही आमचा माल नेतो आणि आता गेटवर अडला की स्वतःच सोडवून घेतो.

जीएसटीचं सोपं आहे. उलाढाल पाच कोटींच्या आत असेल तर तिमाही रिटर्नची सोय घेता येते, सीएला विचारा. त्यात तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांचा कर पुढच्या महिन्याच्या २५ तारखेपर्यंत भरायचा असतो. पण कस्टमरची मागच्या महिन्याची बिलं मात्र दर महिन्याच्या १३ तारखेच्या आत जीएसटीच्या पोर्टलवर चढवत जा. त्याच्या २बी मधे, म्हणजे पोर्टलवरच्या खरेदीच्या यादीत, बिल दिसलं नाही की पर्चेसवाला जीएसटीची रक्कम अडवून ठेवतो, आणि ती सोडवायला तुमचीच दुपार जाते. बिलावर उद्यम क्रमांकही (लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीचा) छापा. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर करून वर्षअखेरपर्यंतही पैसे दिले नाहीत तर कस्टमरला तो खर्च त्या वर्षी उत्पन्नातून वजा मिळत नाही. हे आठवण करून दिलं की चकरा कमी होतात.

भोसरीला गुरुवारची सुट्टी. टेम्पोलाही त्या दिवशी फारसं भाडं नसेल. गुरुवारी बारा ते दोन कागदपत्रं, आणि दोननंतर झोपा. खरंच झोपा.

मॅनेजर आत्ता नको. आज ठेवलात तर तो चाळीस फोन घेऊन चाळीस वेळा तुम्हालाच विचारेल. वहीचं पहिलं पान भरलं की फोटो पाठवा, मग बोलू.

प्रश्न : साताऱ्यात माझं पार्लर आणि ब्लाऊज शिवण्याचं दुकान आहे. लग्नसराईत दोन्हीकडे एकदमच गर्दी होते. दोन दुकानांना दोन जीएसटी घेतले तर काम विभागलं जाईल का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : नाही. दोन्ही दुकानं एकाच पॅनवर असतील तर उलाढाल एकत्रच मोजतात आणि सेवांसाठी मर्यादा २० लाखांची आहे. नंबर दोन घेतलेत तर रिटर्न दोन भरावे लागतील, म्हणजे काम वाढलंच. तुमची अडचण वेगळी आहे : नवरी मुलगी ब्लाऊज न्यायला येते त्याच आठवड्यात तिला मेकअपची ट्रायलही हवी असते. मुहूर्ताच्या एकवीस दिवस आधी शिवणाची वही बंद, अशी पाटी लावा. पहिल्या सीझनला दोन-तीन गिऱ्हाइकं तोंड वाकडं करतील. तुमच्या मावशीची मुलगी आली तरी पाटी काढायची नाही.