चार हेडसेट घेण्याआधी खेळायचे पत्ते आणि नकाशा घ्या

तुम्ही विचारलंय की पूर, भूकंप आणि आगीची तयारी वस्तीतल्या लोकांना शिकवायची आहे, चार व्हीआर हेडसेट (डोळ्यांवर चढवले की आभासी जगात नेणारी यंत्रं) येतील एवढा निधी जमलाय, तर त्यात कुठला खेळ घालावा. मी बरीच वर्षं स्वयंसेवकांना हेच शिकवतोय. माझं मत विचाराल तर हेडसेट एकच घ्या. उरलेले पैसे पत्त्यांचे खेळ, मोठे नकाशे आणि रंगीत तालमीसाठी ठेवा.

जे एरवी जीव धोक्यात घातल्याशिवाय दाखवताच येत नाही, तिथे व्हीआरला तोड नाही. 'धुरात वाकून चला' म्हटलं की सगळे मान डोलावतात. हेडसेटमध्ये मात्र कमरेच्या वरचं काही दिसेनासं झालं की माणूस आपणहून गुडघ्यांवर येतो. पुराचंही तसंच. वाहतं पाणी जेमतेम 15 सेंटीमीटर असलं तरी धडधाकट माणसाचे पाय उखडू शकतात, 30 सेंटीमीटरमध्ये छोटी गाडी वाहून जाऊ शकते. नुसता आकडा सांगून हे कुणाला पटत नाही. गढूळ पाण्याखालचा रस्ता खचलाय की शाबूत आहे हे वरून कळत नाही, ही गोष्ट व्हीआरमध्ये एकदा अनुभवली की पटते.

पण वजन, उष्णता आणि गर्दीचा रेटा त्यात येत नाही. फायर एक्स्टिंग्विशरचंच बघा. घाबरलेला माणूस दांडा घट्ट आवळून धरतो आणि मग पिन काही निघत नाही. ते खरं सिलिंडर हातात घेतल्यावरच समजतं.

खेळ निवडताना गुण कशाला मिळतात ते सगळ्यात आधी तपासा. आम्ही एकदा भूकंपाचा एक खेळ आणला होता. दिसायला सुंदर, मुलं तुटून पडली. इमारतीतून जितक्या लवकर बाहेर, तितके गुण जास्त. पुढच्या महिन्यात रंगीत तालीम घेतली, घंटा वाजली आणि निम्मी मुलं बाकाखाली जायच्या ऐवजी दाराकडे धावली. हादरे चालू असताना खाली बसायचं, टेबलाखाली डोकं झाकायचं आणि टेबलाचा पाय धरून ठेवायचा, हे आम्ही त्यांना दहादा सांगितलं होतं. पण खेळाने त्यांना पळायला शिकवलं आणि मुलं खेळाकडून शिकली. मला ते फार लागलं. तेव्हापासून कुठलाही खेळ मी आधी स्वतः मुद्दाम चुकीचा खेळून बघतो. चुकीचं वागूनही जिंकता आलं, तर तो बाद.

माणसामाणसांत घ्यायच्या निर्णयांसाठी मात्र टेबलाभोवती बसून खेळायचा खेळच हवा. 1995 च्या कोबे भूकंपात काम केलेल्या कर्मचाऱ्यांच्या अनुभवांवरून जपानमध्ये 'क्रॉसरोड' हा पत्त्यांचा खेळ तयार झाला. निवाऱ्यात 3000 माणसं आणि 2000 जणांपुरतं जेवण, तर वाटायला सुरुवात करायची का? प्रत्येकाने हो किंवा नाहीचा पत्ता टाकायचा आणि मग कारण सांगायचं. बरोबर उत्तर नाहीच, खरा खेळ त्या वादात आहे. जपानमधल्याच शिझुओका प्रांताने केलेल्या 'हग' या खेळात एकेक पत्ता म्हणजे निवाऱ्यात येणारा एकेक माणूस, त्याला शाळेच्या आराखड्यावर जागा द्यायची. ताप आलेलं मूल, कुत्रा घेऊन आलेलं कुटुंब, चाकाच्या खुर्चीतले आजोबा. पत्ते भराभर येतात. आमच्या एका गटाने सगळ्यांना छान बसवलं आणि एक आजी म्हणाल्या, "अरे, रात्री शौचालयाकडे जायला वाट कुठे ठेवलीत?" सगळे पत्ते उचलून पुन्हा मांडावे लागले. नकाशावर पारदर्शक कागद ठेवून रंगीत पेनांनी वाटा आणि धोक्याच्या जागा आखणं हाही उत्तम खेळ आहे, आणि खर्च जवळपास शून्य.

हेडसेट वापरताना माणसाला शक्यतो खुर्चीवर बसवा, पाच-सात मिनिटांवर नेऊ नका, कारण मळमळ होते. फिट येण्याचा त्रास असेल तर देऊच नका. लहान मुलांसाठी कंपनीने दिलेली वयाची अट पाळा. आणि प्रत्येकाला आधी विचारा, तुम्ही अशा प्रसंगातून गेला आहात का? एका ताईंनी पाण्याचा आवाज ऐकताच हेडसेट काढून ठेवला. त्यांचं घर पुरात बुडालं होतं आणि आम्ही विचारलंच नव्हतं. त्या बराच वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "तुमच्या खेळात पाणी दारातून येतं. आमच्याकडे ते आधी मोरीतून वर आलं." आमच्या नकाशावर त्या दिवशी पहिल्यांदा गटारांच्या रेषा आखल्या गेल्या.

तुमच्याकडे या तिन्हींतला मोठा धोका कुठला आणि एका वेळी किती माणसं जमतील ते लिहा. क्रॉसरोडच्या धर्तीवर तुमच्या वस्तीला लागू पडतील असे दहा-बारा प्रसंग मी लिहून देतो.