शिकारी प्राणी गेले तर बिघडलं कुठे? आणि वाचकांचे आणखी काही प्रश्न

प्रश्न: शिकारी प्राणी कमी झाले तर बाकीच्या प्राण्यांना बरंच ना? मग सगळा जोर शिकाऱ्यांनाच वाचवण्यावर का असतो?

उत्तर: वाटतं खरं तसं. पण रॉबर्ट पेन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६३ मध्ये हेच चक्क करून बघायला घेतलं. वॉशिंग्टन राज्याच्या पॅसिफिक किनाऱ्यावर खडकाचा एक पट्टा निवडला, त्यावरचे तारामासे उपटून समुद्रात भिरकावून द्यायचे, परत आले की परत भिरकावायचे आणि बाजूचा पट्टा मात्र तसाच ठेवायचा, एवढाच प्रयोग. तारामासा तिथला मुख्य शिकारी, शिंपले खाणारा. तो गेल्यावर बाकीचे सुखात राहायला हवे होते, पण झालं उलटंच, शिंपले एवढे माजले की त्यांनी सगळा खडक व्यापला, बाकीच्यांना चिकटायला जागाच उरली नाही आणि १५ प्रजातींच्या ८ झाल्या. म्हणजे तारामासा जे सगळ्यात दांडगे होते त्यांना खात होता आणि त्यामुळे दुबळ्यांना जागा मिळत होती. अशा प्रजातीला पेनने १९६९ मध्ये कीस्टोन प्रजाती म्हटलं. संख्येने थोडी, पण ती काढली की सगळी घडी विस्कटते. समुद्री ऑटर म्हणजे समुद्रातल्या पाणमांजराचंही तसंच, फरसाठी त्यांची बेसुमार शिकार झाली, मग ते ज्यांना खायचे ते काटेरी सी अर्चिन वाढले आणि त्यांनी केल्प या उंच समुद्री शेवाळाची जंगलंच्या जंगलं फस्त केली, माशांचा आसरा गेला.

आता अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातल्या लांडग्यांबद्दलही बऱ्याच जणांनी विचारलंय, की लांडग्यांनी नद्यांचा प्रवाह बदलला हे खरं का? एवढं सरळ नाहीये ते. १९९५ मध्ये कॅनडातून लांडगे आणून सोडले, पुढे विलोचा पाला खाणारी एल्क हरणं कमी झाली, काही ठिकाणी विलोची झाडं वाढली, हे बरोबर. पण एल्क कमी व्हायला अस्वलं, प्यूमा (मोठं रानमांजर), माणसांनी केलेली शिकार हेही कारण होतं. शिवाय जिथले ओढ्यांवर बांध घालणारे बीव्हर आधीच गेले होते, ओढे खोल कापले गेले होते आणि जमिनीतलं पाणी खाली गेलं होतं तिथे नुसते लांडगे आले म्हणून विलो पूर्वीसारखे उभे राहिले नाहीत. शिकारी काढल्यावर जे बिघडतं ते तो परत आणला की आपोआप दुरुस्त होतं असं नाही, आणि हा भाग व्हायरल गोष्टींमध्ये कुणी सांगत नाही.

प्रश्न: प्राणिसंग्रहालयात पिल्लं वाढवून जंगलात सोडली की काम झालं, एवढा गाजावाजा कशाला?

उत्तर: सोडता येतात, पण आधी ते नष्ट कशामुळे होत होते ते बघावं लागतं. कॅलिफोर्नियन कॉन्डोर हे मोठं गिधाड घ्या. १९८७ मध्ये जगात फक्त २७ उरले होते, शेवटचा मोकळा पक्षीसुद्धा पकडून पिंजऱ्यात आणला, तिथे पिल्लं काढली आणि १९९२ पासून परत सोडायला लागले. आज शेकडो आहेत, उत्तमच झालं. पण शिकारी लोक शिशाच्या गोळ्या वापरतात, मेलेल्या जनावरात त्या गोळ्यांचे कण राहतात आणि तेच मांस खाऊन कॉन्डोरला विषबाधा होते, आजही त्यांच्या मृत्यूचं मोठं कारण तेच आहे. त्यामुळे हे पक्षी पुन्हा पुन्हा पकडून रक्त तपासायचं, शिसं जास्त निघालं तर उपचार करायचे, हे चालूच. माझ्या मते पिंजऱ्यातली पैदास म्हणजे वेळ विकत घेणं आहे, आणि तो वेळ मूळ कारण काढण्यात घालवला नाही तर खर्च कायमचा मागे लागतो.

प्रश्न: भरपूर झाडं लावली की जंगल तयार होतं ना?

उत्तर: नाही. एकाच जातीची, एकाच वयाची झाडं रांगेत उभी केली तर ती लागवड झाली. आणि गवताळ माळावर झाडं लावली तर मोकळ्यावर राहणाऱ्या पक्ष्या-प्राण्यांचं घरच जातं, तेव्हा लावायच्या आधी तिथे मुळात काय होतं ते विचारा.

प्रश्न: एखाद्या प्राण्याची संख्या किमान किती असली की तो सुरक्षित समजायचा?

उत्तर: असा सगळ्यांना लागू होणारा एक आकडा नाहीये. संख्येबरोबर ते एकमेकांपर्यंत पोचू शकतात का हेही बघावं लागतं. फ्लोरिडा पँथर म्हणजे तिथला प्यूमा, १९९० च्या सुमाराला वीस-तीसच उरले होते आणि बाकीच्या प्यूमांपासून तुटलेले, म्हणून नात्यातच प्रजनन व्हायचं. वाकड्या शेपट्या, हृदयात दोष, नरांमध्ये शुक्राणू खराब, असं सगळं सुरू झालं. मग १९९५ मध्ये टेक्सासमधून ८ माद्या आणून सोडल्या, नवीन जनुकं आली, दोष कमी झाले, संख्याही वाढली. पण वाढलेल्या पँथरना फिरायला जागा लागते आणि मध्ये हायवे आहेत. तिथे मेलेले सापडतात त्यातले सगळ्यात जास्त गाडीच्या धडकेनेच मेलेले असतात, म्हणून काही रस्त्यांना कुंपण घालून खालून प्राण्यांसाठी बोगदे काढलेत. ते पँथर वापरतात, आणि बोगदे आहेत त्या पट्ट्यात धडका कमी झाल्यात.