मवाळ म्हणजे घाबरट नव्हे

प्रिय चिऊ,

परवा फोनवर आजोबा म्हणाले, "तुझी आई जहाल, बाबा मवाळ." तू लगेच विचारलंस, मवाळ म्हणजे घाबरट का? तिकडे शाळेत तुला हे कोणी शिकवणार नाही, म्हणून नीट लिहून पाठवतेय.

जहाल म्हणजे जळजळीत. विष जहाल असतं, लवंगी मिरचीही. मवाळ म्हणजे सौम्य. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हे शब्द काँग्रेसमधल्या दोन गटांना चिकटले: टिळक जहाल, गोखले मवाळ. मवाळांना 'नेमस्त' असंही म्हणत. मला तोच शब्द जास्त बरोबर वाटतो.

दोघांचं भांडण हत्यारावरून होतं. गोखल्यांचं हत्यार आकडे. १९०२ मध्ये व्हाइसरॉयच्या कौन्सिलात अंदाजपत्रकावर बोलताना त्यांनी सरकारची शिल्लकच पकडली: ही भरभराटीची खूण नव्हे, गरिबांकडून गरजेपेक्षा जास्त कर घेतलाय. मिठावर तेव्हा मणामागे अडीच रुपये कर होता. १९०३ मध्ये तो दोन रुपये झाला, १९०५ मध्ये दीड, १९०७ मध्ये एक. एकट्या गोखल्यांमुळे नव्हे, पण दरवर्षी तोच मुद्दा नव्या आकड्यांनिशी मांडायला चिकाटी लागते. खोट एवढीच, की तेव्हा सभासदांना अंदाजपत्रकावर बोलता येई, मत देता येत नसे.

टिळकांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं. ऐकायचं की नाही हे सरकारच ठरवणार, तर अर्ज-विनंत्यांना धार कुठून येणार? म्हणून स्वदेशी, बहिष्कार, राष्ट्रीय शिक्षण आणि स्वराज्य. १९०६ ला कलकत्त्यात, दादाभाई नौरोजी अध्यक्ष असताना, काँग्रेसने या चारही विषयांवर ठराव केले. शब्द दोन्ही बाजूंना चालतील असे मोघम ठेवले होते, म्हणून वाद फक्त वर्षभर लांबणीवर पडला.

पुढचं अधिवेशन नागपूरला ठरलं होतं. तिथे जहालांचा जोर, म्हणून मवाळांनी ते सुरतेला हलवलं. सुरत मुंबई इलाख्यात, आणि यजमान प्रांतातला माणूस अध्यक्ष करायचा नाही असा रिवाज. त्यामुळे टिळकांचं नाव आपोआप बाद. शिवाय ते चार ठराव पातळ होणार अशी कुणकुण होतीच. २६ डिसेंबर १९०७ ला गोंधळात सभा तहकूब झाली. दुसऱ्या दिवशी टिळकांनी स्वागताध्यक्षांना चिठ्ठी दिली: अध्यक्षांच्या निवडीवर मला सूचना मांडायची आहे. उत्तर आलं नाही. अध्यक्ष म्हणून मवाळांच्या रासबिहारी घोषांची निवड जाहीर होऊ लागली तसे टिळक मंचावर चढले, हाताची घडी घालून उभे राहिले आणि हलेनात. तेवढ्यात सभेतून एक जोडा आला. आपला दख्खनी जोडा: तांबूस कातडं, टोकदार चोच, तळाला ठोकलेलं शिसं. मवाळांचे पुढारी सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांच्या गालाला लागून तो दुसरे मवाळ पुढारी फिरोजशहा मेहता यांच्यावर आदळला. मग खुर्च्या उडाल्या आणि पोलिसांनी मंडप रिकामा केला. काँग्रेस फुटली ती १९१६ ला लखनौला जुळली. तोवर टिळक मंडालेची सहा वर्षं भोगून आले होते आणि गोखले १९१५ मध्येच वारले होते. त्यांच्या अंत्ययात्रेला टिळक गेले आणि स्मशानात त्यांच्याबद्दल अतिशय आदराने बोलले.

आता गंमत बघ. मुलींच्या लग्नाचं वय, शिक्षण, जातपात यांत हे शिक्के उलटे पडतात. लग्न झालेल्या मुलींनाही फार लहान वयात संसाराला जुंपू नये, म्हणून केलेल्या १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याला टिळकांनी विरोध केला. परक्या सरकारने आमच्या घरात कायदा करू नये, हे त्यांचं कारण. सुधारकांच्या बाजूचे लोक मात्र नेमस्त. पुढे सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचं विधेयक गोखल्यांनीच आणलं. १९१२ मध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं.

तेव्हा आजोबांना पुढच्या फोनवर एवढंच विचार: आई जहाल, पण कशात?

तुझी,
आई