डिझेल की गॅस ते सांगतो, पण खरा मुद्दा ती शेवटची ओळ

फ्रिस्को, टेक्सासहून एका वाचकाचं पत्र आलंय. थोडक्यात असं की वय ४१, आयटीत नोकरी, पगार १,६५,००० डॉलर, बायको सध्या घरी, दोन मुलं, एच-१बी व्हिसावर आहेत, आय-१४० (कंपनीनं भरलेला ग्रीन कार्डाचा अर्ज) मंजूर झालंय आणि ग्रीन कार्डाची रांग चालूच आहे. २८ फुटी ट्रॅव्हल ट्रेलर ४२,००० ला ठरवलाय, डीलरकडे १,००० डिपॉझिट भरलंय. ट्रेलरचं रिकामं वजन ६,२०० पाउंड, सामान-पाणी भरून कमाल ७,६००. तो ओढायला नवा थ्री-क्वार्टर टन ट्रक (जड ओढकामाचा मोठा पिकअप) घ्यायचाय, गॅसवाला (म्हणजे पेट्रोलचा) ७२,००० ला की डिझेल ८२,००० ला, एवढाच प्रश्न. उन्हाळ्यात एकदा कोलोरॅडो, बाकी टेक्सासमधलीच स्टेट पार्कं, म्हणजे ट्रेलर लावून वर्षाला ५,००० मैल, बिनट्रेलरचे ७,०००, ऑफिस सहा मैलांवर. आणि मग शेवटच्या ओळीत, जाता जाता: "डाउन पेमेंटचं टेन्शन नाही, आमच्या आययूएल पॉलिसीत २९,४०० आहेत, त्यातून २८,००० लोन काढतोय, पैसे आपलेच, व्याजही आपल्यालाच मिळतं. ४०१(के) तीन वर्षांपूर्वीच बंद केलं, एजंट म्हणाले यात टॅक्स-फ्री आहे." (आययूएल म्हणजे शेअर बाजाराच्या इंडेक्सला जोडलेला आयुर्विमा, ४०१(के) म्हणजे कंपनीतलं निवृत्तीचं खातं.)

आधी ट्रकचं संपवून टाकतो कारण त्यात फार काही नाहीये.

ट्रेलर मागे असताना गॅस इंजिन गॅलनला ९ मैल देईल, डिझेल १२. गॅलनला गॅस ३.२५ डॉलर आणि डिझेल ३.७५ धरा, पंपावर रोज बदलतं. ५,००० मैलांना गॅसचे १,८००, डिझेलचे १,५६०. बिनट्रेलरच्या ७,००० मैलांत १५ विरुद्ध १८ मैल धरले तर आणखी ६० वाचतात. एकूण वर्षाला ३०० डॉलर, महिन्याला २५. आणि ते १०,००० जास्तीचे डॉलर ८४ महिन्यांच्या ७ टक्के लोनवर घेतले की हप्ता वाढतो १५० नं. म्हणजे २५ वाचवायला १५० भरायचे. वर डीईएफ (धूर साफ करायचं द्रव) भरत बसा, इंजिन ऑइलच मोठ्या इंजिनात १२-१३ क्वार्ट लागतं, फ्युएल फिल्टर वेगळे. विकताना डिझेलला जास्त भाव मिळतो हे खरं, निम्मे पैसे परत आले असं धरलं तरी गणित जमत नाही.

त्यात तुमचं ऑफिस सहा मैलांवर. डिझेलचा डीपीएफ (काजळी अडवणारा फिल्टर) साफ व्हायला इंजिन नीट तापून बराच वेळ चालावं लागतं, रोज सहा मैल जाऊन बंद केलं की तो चोंदायला लागतो, आणि वॉरंटी संपल्यावर डिझेलच्या एमिशन सिस्टिमचं किंवा हाय-प्रेशर पंपाचं बिल आलं की ते हजारांत येतं, कधी कधी दहा हजारांत.

घाटाचं म्हणाल तर हो, तिथे डिझेल भारी आहे, एक्झॉस्ट ब्रेकमुळे उतार उतरताना जी निश्चिंती असते ती गॅसवाल्याला नाही. बिनटर्बोचं गॅस इंजिन दर हजार फुटांना साधारण ३ टक्के दम गमावतं, आय-७० वरचा आयझेनहॉवर टनेल ११,१५८ फुटांवर आहे, तिथे ४३० हॉर्सपॉवरचे २९० उरतील. पण ७,६०० पाउंडांना २९० पुरतात, उजव्या लेनमध्ये ट्रकांच्या मागे ४५ नं चढाल आणि टो-हॉल मोडवर खालच्या गियरमध्ये उतराल. वर्षातून एकदा. १२,००० पाउंडांचा फिफ्थ व्हील (ट्रकच्या हौद्यात जोडायचा मोठा ट्रेलर) असता आणि निम्मं वर्ष डोंगरातच काढणार असता तर मी स्वतःच डिझेल घ्या म्हटलं असतं.

उलट डिझेल इंजिन काही शे पाउंड जड, त्यामुळे तेवढ्याच ट्रकची पेलोड, म्हणजे ट्रकवर ठेवता येणारं वजन, कमी होते. ब्रोशरमधला टोइंगचा आकडा बघू नका, ड्रायव्हरचं दार उघडा आणि खांबावरच्या पिवळ्या स्टिकरवर लिहिलेली पेलोड वाचा. तुमच्या ट्रेलरचं हिचवरचं वजनच हजाराच्या आसपास, चार माणसं साडेपाचशे, हिच शंभर, झाले साडेसोळाशे, जनरेटर आणि कूलर अजून ठेवलेच नाहीयेत. म्हणून बऱ्याच हाफ-टनांवर (एक पायरी लहान पिकअपवर) हे काठावर जातं आणि थ्री-क्वार्टर टन घ्यायचं तुमचं बरोबर आहे, फक्त गॅसवाला, आणि नवा नको, दोन-तीन वर्षं जुना. डीलरनं तुम्हाला ६,००० पाउंडांवरच्या ट्रकचा अख्खा टॅक्स माफ होतो असं सांगितलंय ना, ते सेक्शन १७९ धंद्यासाठी आहे, तुम्ही डब्ल्यू-२ वर पगारदार आहात, कॅम्पिंगला जाणं हा धंदा नाही. तो विषय बंद.

आता ती शेवटची ओळ.

तुमच्या पत्रात २९,४०० हा आकडा आहे तो अकाउंट व्हॅल्यूचा. त्याच स्टेटमेंटवर खाली दुसरा आकडा असतो, सरेंडर व्हॅल्यू, म्हणजे पॉलिसी आज मोडली तर हातात येणारे पैसे. मी उलट मेल करून विचारला तेव्हा तुम्ही पाठवलात: १५,८००. लोन त्याच्यावर मिळतं, आणि साधारण ९० टक्क्यांपर्यंत. म्हणजे हातात येतील १४,०००, तुम्ही धरलेत २८,०००. ट्रक आणि ट्रेलर दोन्हींचं डाउन पेमेंट ज्याच्या जिवावर ठरवलं त्यातले निम्मे पैसे मुळात नाहीतच, आणि हे तुम्हाला तीन वर्षांत कुणी सांगितलं नाही. महिन्याला १,००० प्रमाणे ३६,००० भरलेत, आज बाहेर पडलात तर १५,८००. उरलेले कमिशन, विम्याचा खर्च आणि सरेंडर चार्जच्या पोटात. असल्या पॉलिसीत पहिल्या वर्षाच्या टार्गेट प्रीमियमचा मोठा हिस्सा, कधी कधी जवळजवळ सगळाच, विकणाऱ्याला जातो, म्हणून तर गणपतीची आरती संपून प्रसादाचे द्रोण हातात येईपर्यंत लॅपटॉप उघडलेला असतो.

"व्याज आपल्यालाच मिळतं" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता चिडही येत नाही. नाही मिळत. व्याज कंपनीला जातं. आपलाच दागिना सावकाराकडे ठेवून त्यावर पैसे उचलायचे आणि वर व्याज भरायचं, तसं आहे हे. शिवाय १५,८०० वर १४,००० उचलले की पॉलिसीत श्वास घ्यायला जागाच राहत नाही, विम्याचा मासिक खर्च त्यातून कापला जातच राहणार, लोनवर व्याज चढत राहणार. नोकरी गेली आणि प्रीमियम थांबला की काही महिन्यांत पॉलिसी लॅप्स. एच-१बी वर नोकरी गेली की देशात थांबायला तुमच्या हातात जास्तीत जास्त ६० दिवसांचा ग्रेस पीरियड, बचत खात्यात तुम्हीच लिहिलंय ११,०००, कारण एजंटनं सांगितलंय की आययूएल हाच इमर्जन्सी फंड. अशा महिन्यात ट्रकचा हप्ता साडेनऊशे, ट्रेलरचा तीनशे, आणि नेमका तेव्हाच विमाही जाणार. हे सगळं एकाच दोरीला बांधलंय तुम्ही.

"मार्केट पडलं तरी शून्याच्या खाली नाही" हे २०२२ मध्ये फार खपलं कारण त्या वर्षी एस अँड पी ५०० १९ टक्क्यांहून जास्त पडला होता आणि लोक घाबरलेले होते, तुम्ही त्याच गणपतीत सही केलीत. आता पुढची दोन वर्षं बघा. २०२३ मध्ये इंडेक्स २४ टक्के वर, २०२४ मध्ये २३. साध्या इंडेक्स फंडात १०,००० चे डिव्हिडंड धरून १५,८०० च्या आसपास झाले असते. तुमच्या पॉलिसीला साडेनऊ टक्क्यांचा कॅप, म्हणजे वर्षाला त्याहून जास्त मिळतच नाही, डिव्हिडंड मिळतच नाही, म्हणजे १२,०००, तेही खर्च कापायच्या आधी. आणि शून्याचा फ्लोअर फक्त व्याजाला असतो, खर्च शून्याच्या वर्षीही कापले जातात, त्या वर्षी खातं खालीच जातं. कॅप कंपनी कमी करू शकते. इलस्ट्रेशनमध्ये, म्हणजे पॉलिसीच्या अंदाजाच्या तक्त्यात, तीस वर्षं एकसारखे ७ टक्के धरून ६५ नंतर दरवर्षी ९०,००० टॅक्स-फ्री दाखवलेत तो कागद मी बघितला, त्याच कागदावर गॅरंटीड नावाचा एक कॉलम आहे आणि त्यात पॉलिसी तुमच्या ७१ व्या वर्षी संपते. तो कॉलम कुणी वाचून दाखवला का?

पण खरा खड्डा याहून मोठा आहे. तुमची कंपनी ४ टक्क्यांपर्यंत डॉलरला डॉलर मॅच देते, म्हणजे वर्षाला ६,६०० फुकट, आणि तुम्ही ४०१(के) बंद केल्यामुळे तीन वर्षांत जवळजवळ २०,००० सोडून दिलेत. हा सरेंडर चार्जपेक्षा मोठा आकडा आहे आणि तो कुठल्याच स्टेटमेंटवर छापून येत नाही. तुम्ही स्वतःचे ६,६०० टाकलेत तर २२ टक्क्यांच्या ब्रॅकेटमध्ये, टेक्सासला स्टेट टॅक्स नसताना, पगारातून प्रत्यक्ष कमी होतात ५,१५०, आणि खात्यात पडतात १३,२००. काढताना टॅक्स लागतो, मान्य, पण टॅक्स-फ्रीच हवं असेल तर प्लॅनमध्ये रॉथचा (आत्ता टॅक्स भरून नंतर करमुक्त काढायचा) पर्याय असतो का ते एचआरला विचारा, मॅच तोच मिळतो. वर्षाला १२,००० भरून तीन वर्षांत निम्म्याहून कमी हातात ठेवणारी पॉलिसी त्याच्याशेजारी ठेवून बघा.

तर काय करायचं. सगळ्यात आधी टर्म विमा, म्हणजे ठरावीक वर्षांचा, गुंतवणूक नसलेला निव्वळ विमा. पाच लाखांचा आययूएलचा विमा बायको आणि दोन मुलांना तसाही कमीच आहे. ४१ व्या वर्षी सिगरेट नसेल आणि शुगर ठीक असेल तर १० लाखांचा २० वर्षांचा टर्म महिना सत्तर-नव्वद डॉलरमध्ये बसतो, शुगर असेल तर जास्त लागेल पण तरी हजार नाही लागत. तो मंजूर होऊन चालू होईपर्यंत आययूएलला हात लावू नका, हे महत्त्वाचं आहे, रागाच्या भरात आधी पॉलिसी बंद केली आणि मेडिकलमध्ये काहीतरी निघालं तर पंचाईत. त्याच आठवड्यात ४०१(के) किमान ४ टक्क्यांवर चालू करा. विमा कंपनीकडून लेखी इन-फोर्स इलस्ट्रेशन (पॉलिसीच्या आजच्या स्थितीवरून पुढचा अंदाज) मागवा, ४ टक्के धरून, सरेंडर चार्ज कोणत्या वर्षी किती उतरतो त्याच्यासकट. मला वाटतं ते बघितल्यावर तुम्ही सरेंडरच कराल. तोटा टॅक्समध्ये वजा होत नाही. कमी खर्चाच्या अ‍ॅन्युइटीत (विमा कंपनीच्या निवृत्ती योजनेत) १०३५ एक्स्चेंज केलं, म्हणजे पैसे टॅक्स न लागता थेट तिकडे वळवले, तर ३६,००० ची बेसिस (टॅक्ससाठी धरलेली मूळ भरलेली रक्कम) टिकते आणि पुढची वीस हजारांची वाढ करमुक्त सुटते, पण पैसे अडकतात, आणि तुम्हाला आत्ता रोख हवीय. मी १५,८०० घेऊन बचत खात्यात टाकेन, मग ११ चे जवळजवळ २७ हजार होतील, तुमच्या घराचा चार-पाच महिन्यांचा खर्च.

एजंट म्हणतील आत्ता सोडलं तर इतकं नुकसान, अजून दहा वर्षं थांबा. ३६,००० गेलेत ते गेलेत, प्रश्न पुढच्या १२,००० चा आहे. मंडळात रोज भेट होते, वाईट वाटेल, हेही मला कळतं. त्यांना फोनवर काही सांगायची गरज नाही, सरेंडरचा फॉर्म थेट कंपनीला जातो.

आणि हो, यातून ट्रक-ट्रेलरचं डाउन पेमेंट उरत नाही हे तुमच्या लक्षात आलं असेलच. या उन्हाळ्यात ट्रेलर नको. बायको म्हणतायत भाड्यानं आरव्ही (राहायची सोय असलेली गाडी) घेऊन बघू, तर आठवडाभर घ्या, दीड-दोन हजारात होईल, मुलांना तिसऱ्या दिवशी कंटाळा येतो का तेही कळेल. डीलरकडचे १,००० परत मागा, कागदावर रिफंडेबल लिहिलं असेल तर मिळतील, नसेल तर सोडून द्या.