फौंड्रीतल्या जुन्या कामगारांना शिकवताना: माझा अनुभव

तुम्ही लिहिलंय की कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत (धातू वितळवून साच्यात ओतायच्या कारखान्यात) पहिल्यांदाच प्रशिक्षण द्यायला गेलात, समोर पंचेचाळिशी-पन्नाशीचे कामगार, सगळ्यांनी मान हलवून 'होय साहेब' म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी काम जुन्याच पद्धतीनं सुरू. वाचून शिरोलीच्या फौंड्रीतलं माझं पहिलं वर्ष आठवलं, म्हणून सविस्तर लिहितोय. वेळापत्रक, पडदा, हजेरी हे तुम्ही सांभाळालच, त्यावर बोलत नाही.

मला सगळ्यात महागात पडलेली चूक सांगतो. विषय होता साच्याच्या वाळूतला ओलावा. सगळ्यांनी भाग घ्यावा म्हणून पुढच्या बाकावरच्या एका मामांना म्हटलं, 'पडद्यावरचं एवढं मोठ्यानं वाचा बघू.' मामांची मोल्डिंगमध्ये, म्हणजे वाळूचे साचे बनवण्यात, पंचवीस वर्षं गेलेली. उठले, पडद्याकडं बघितलं, खिसा चाचपला. 'चष्मा इसरलोय' म्हणाले आणि बसले. तरी मला उमगलं नाही. 'अक्षर मोठं आहे मामा, जमंल की!' मागून कुणीतरी हसलं. चहाच्या सुट्टीत मामा गेले ते परत आलेच नाहीत. उरलेले दोन दिवस एकानंही तोंड उघडलं नाही. मी प्रश्न विचारला की सगळ्यांच्या माना खाली, पुढची पाळी आपली नको म्हणून.

आठवड्यानं शॉपमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या जागी, जाऊन त्यांची माफी मागितली. त्यावर ते काही बोलले नाहीत. वाळूची मूठ घेतली, दाबली, उघडली. बोटांचे ठसे स्वच्छ उमटलेले, तळव्याला चिकटा नाही. मग तो गोळा मधोमध मोडला, कडा न ढासळता दोन तुकडे झाले. 'आज पाणी बरोबर हाय.' पाणी जास्त झालं की वाफ होऊन कास्टिंगला (ओतलेल्या भागाला) ब्लो होल, म्हणजे आत पोकळी, कमी झालं की साच्याची कड सुटून वाळू धातूत जाते, हे मी पडद्यावर अर्धा तास सांगणार होतो. (मुठीवर भागवा असं मी म्हणत नाही, ओलावा उपकरणानं मोजायलाच हवा. पण सुरुवात मुठीपासून करा.)

तेव्हापासून मी वर्गात कुणालाही वाचायला किंवा फळ्यावर लिहायला उभं करत नाही. शिकवायचं ते शॉपमध्येच, एका वेळी पाच-सहा जण. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या कारखान्यांत नवे कामगार लवकर तयार करायला चार पायऱ्यांची पद्धत वापरली होती: शिकणाऱ्याची तयारी, करून दाखवणं, त्याच्याकडून करून घेणं आणि नंतर जाऊन बघणं. आपल्याकडं दुसरीवरच थांबतात. तिसरीत खरं कळतं, कारण त्याला हातानं करता करता 'असं का?' तेही सांगायचं असतं. चौथीसाठी तर कुणी पैसेच देत नाही.

यावरून एक राग बाहेर काढतो. एका कार्यक्रमाचा खर्च देणाऱ्या कार्यालयाला फक्त बॅनरसकट फोटो आणि लेखी परीक्षेचे गुण हवे होते. तोंडी घेऊ का विचारलं, तर 'नमुन्यात तसा रकाना नाही.' ज्याला काम येतं त्याला शून्य आणि शेजाऱ्याचं बघून टिक करणाऱ्याला पैकीच्या पैकी! तुमच्यावर अशी वेळ आली तर प्रश्न स्वतः वाचून दाखवा, उत्तर त्यांना हातानं करून दाखवू द्या आणि कागद शिकाऊ पोराकडून भरून घ्या. सगळीकडं चालेल असं नाही, आधी विचारा. आणि तिसऱ्या पाळीवरून सुटलेल्यांना बसवू नका, ती माणसं झोपेनं मेलेली असतात.

हे सगळं फौंड्रीतलं. सूतगिरणी किंवा दूध संस्थेत वेगळं असू शकेल.

तुमचा पुढचा विषय भट्टीची सुरक्षितता आहे म्हणालात. पाण्याची वाफ झाली की ते दीड हजार पटींहून जास्त जागा घेतं, म्हणून वितळलेल्या धातूत ओलं भंगार पडलं की स्फोट होतो. पण हा आकडा पहिल्यांदा सांगू नका. भट्टीपाशी उभं राहून जुन्या मेल्टरला (धातू वितळवणाऱ्या कामगाराला) विचारा, 'पावसाळ्यात भंगार उघड्यावर भिजलेलं असतं, मग तुम्ही काय करता?' आणि तो बोलत असताना मध्ये तोंड घालू नका. त्याचं सुटलेलं तेवढंच शेवटी जोडा.