जुना अल्टरनेटर ऑनलाइन मागवताना विक्रेत्याची खात्री कशी करावी?

तुमच्या प्रश्नावरून कळलं ते असं: गाडी वॅगनआर, गाव कुडाळ. दिल्लीचा विक्रेता 'टेस्टेड' जुना अल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारा भाग) द्यायला तयार आहे, निम्मे पैसे आधी मागतो आहे आणि खात्रीसाठी आधार कार्ड नि जीएसटी सर्टिफिकेट व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं आहे.

आधार कार्डाला काडीची किंमत देऊ नका. आधार, सैन्यातलं ओळखपत्र, दुकानाचा फोटो हे सगळं आधी फसलेल्या कुणाचं तरी उचललेलं असू शकतं. म्हणूनच तुमचं आधारही त्याला पाठवू नका, उद्या ते तिसऱ्याला दाखवलं जाईल.

जीएसटी नंबर मात्र कामाचा आहे. तो 15 अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे (दिल्ली 07, महाराष्ट्र 27), पुढची दहा अक्षरं पॅनची. जीएसटीच्या पोर्टलवर नंबर टाकला की मालकाचं नाव, दुकानाचं नाव, पत्ता आणि नोंदणी चालू आहे की रद्द, हे दिसतं. आता त्याचा यूपीआय आयडी तुमच्या अ‍ॅपमध्ये टाका, पैसे पाठवू नका, फक्त खातेदाराचं नाव वाचा. दोन्ही नावं जुळली नाहीत तर व्यवहार तिथेच सोडा. 'भावाचं खातं आहे', 'अकाउंटंटचं आहे' ही उत्तरं ऐकूनही घेऊ नका.

नाव जुळलं तर व्हिडिओ मागा, फोटो नको. कागदावर तुमचं नाव नि आजची तारीख लिहून तो अल्टरनेटरशेजारी ठेवायचा, लेबलावरचा पार्ट नंबर नि अँपिअर जवळून दाखवायचे, पुली (पट्टा बसतो ते चाक) हाताने फिरवायची. बेअरिंग गेलं असेल तर घरघर ऐकू येते. पुलीच्या खाचा, कनेक्टरच्या पिना आणि बोल्टचे कान तुमच्या जुन्या अल्टरनेटरशी मोजून जुळवा. एक पिन कमी-जास्त असली तरी तो बसवून उपयोग नाही.

पुरात बुडालेल्या गाडीचा माल ओळखणं अवघड असतं. 2021 च्या जुलैनंतर चिपळूणकरांना हे वेगळं सांगायला नको. बाहेरून चंदेरी रंग मारून चकाचक केलेला असतो, पण कनेक्टरच्या पिना हिरवट पडलेल्या असतात आणि जाळीतून टॉर्च मारला तर तांब्याच्या वाइंडिंगवर बारीक गाळ दिसतो.

खरं तर दिल्लीच्या भानगडीत पडूच नका असं माझं मत आहे. कोकणात मुंबईला माणूस नाही असं घर विरळाच. जुन्या पार्टचा कुर्ल्याचा बाजार मोठा आहे. तुमच्या चाकरमान्याला जुन्या अल्टरनेटरच्या लेबलाचा फोटो पाठवा, तो दुकानात उभा राहून माल तपासणीच्या बेंचवर फिरवून बघेल, बिल घेईल आणि खासगी बसच्या पार्सलने पाठवील. बिल हवंच, त्यावर पार्ट नंबरही हवा. चोरीच्या गाडीचा माल निघाला तर तुमच्या हातात तेवढाच कागद असतो. त्याआधी गाडीतला सध्याचा अल्टरनेटर गावातल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून एकदा तपासून घ्या. पुष्कळदा त्यातला कार्बन ब्रश किंवा रेग्युलेटरच गेलेला असतो.

कुरियरनेच मागवलात तर पावतीवरचं वजन आधी बघा. अल्टरनेटर चांगला काही किलोचा असतो, पावतीवर 800 ग्रॅम असेल तर खोक्यात दुसरंच काही आहे. खोकं उघडताना पत्त्याच्या लेबलापासून पार्ट नंबरापर्यंत एकच सलग व्हिडिओ काढा. बसवल्यावर इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मल्टिमीटर लावा, साधारण 13.5 ते 14.5 व्होल्ट दिसायला हवेत.

जुना अल्टरनेटर विकणार असाल तर एवढंच लक्षात ठेवा, पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. क्यूआर स्कॅन करून पिन टाकला की पैसे तुमच्याच खात्यातून जातात. 'चुकून जास्त गेले, परत करा' असा फोन आला तर स्क्रीनशॉट किंवा एसएमएसवर विसंबू नका, बँकेच्या अ‍ॅपमध्ये शिल्लक बघा.

पैसे गेलेच तर वेळ न दवडता 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा आणि यूपीआय व्यवहाराचा 12 अंकी नंबर सांगा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता आले तरच हाती लागतात. मग बँकेला कळवा. आणि त्यानंतर 'फी भरा, तुमचे पैसे सोडवून देतो' म्हणणारा कुणी भेटला तर तोही त्याच टोळीतला समजा.