मोटरहोमच्या मागे टोचन करून न्यायला स्वस्तातली कोणती कार घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की ट्रॅव्हलर मिनीबसची मोटरहोम करून घेतली आहे, निवृत्तीनंतर दोघं नवरा-बायको फिरणार आहात, आणि मुक्कामाच्या गावात हिंडायला दोन लाखांपर्यंतची जुनी कार मागे जोडून न्यायची आहे. इथवर ठीक. पण पुढे लिहिता, 'ऑटोमॅटिक बघतोय, न्यूट्रलमध्ये टाकली की झालं.' नाही झालं. या एका समजुतीपायी आमच्या नात्यातल्या एका चांगल्या गाडीचा खुळखुळा झालेला मी डोळ्यांनी पाहिलाय, म्हणून लिहायला बसलो.

मी एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालो. ब्रेकडाउनची गाडी घेऊन साक्री, पिंपळनेर, शिरपूर, पळासनेर, सगळीकडे गेलोय. बंद पडलेली बस टोचन करून आणायची म्हणजे आधी खाली शिरून प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा, खोलायचा आणि मगच रॉड लावायचा, ही आमची शिस्त. पाऊस असो, चिखल असो, रात्रीचे दोन वाजलेले असोत. कंटाळा करून कुणी शाफ्ट न खोलता बस आणली तर हेडमेकॅनिक सगळ्यांसमोर झाडायचे, आणि बरोबरच करायचे. इंजिन बंद असलं तरी मागची चाकं फिरतातच. चाकांनी शाफ्ट फिरतो, शाफ्टने गिअरबॉक्समधला वरचा मेनशाफ्ट फिरतो. पण तेलात बुडून तेल वर उडवणारा खालचा शाफ्ट इंजिनकडून फिरतो, तो जागच्या जागी उभा असतो. म्हणजे वरची बेअरिंगं कोरडी फिरत राहतात. लिव्हर न्यूट्रलला असून यात काही फरक पडत नाही.

आता नानांची गोष्ट. नाना म्हणजे माझे थोरले साडू, धुळ्याचे. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर डावा पाय क्लचवर टिकेना, म्हणून त्यांनी सेकंडहँड ऑटोमॅटिक घेतली, टॉर्क कन्व्हर्टरवाली, म्हणजे इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारी. गाडी खरंच चांगली होती, घेताना मीच ट्रायल मारली होती. एकदा संभाजीनगरहून येताना कन्नडचा घाट उतरून चाळीसगावच्या अलीकडे रेडिएटरचा पाइप फुटला. नानांनी ताबडतोब इंजिन बंद केलं, गाडी बाजूला घेतली. इथपर्यंत त्यांनी सगळं शहाण्यासारखं केलं. पण रविवार होता, गॅरेज बंद. ओळखीचा एक पिकअपवाला रिकामा धुळ्याला चालला होता, त्याने दोर लावायची तयारी दाखवली. नानांनी मला फोन केला तो फक्त सांगायला, विचारायला नव्हे.

मी म्हटलं, "नाना, पुढची चाकं उचलून न्यायची सोय होत असेल तरच हलवा. नाहीतर गाडी चाळीसगावातच राहू द्या, सकाळी मी पाइप घेऊन येतो."

"तुले बसनं समजस, कारनं नही," नाना म्हणाले. "गाडी न्यूट्रलमा शे." आणि फोन ठेवला.

चाळीसगाव ते धुळे पन्नास-पंचावन्न किलोमीटर. मेहुणबारे सोडल्यावर रस्ता मोकळा मिळाला तशी पिकअपवाल्याने गाडी चांगलीच पळवली, हे मावशींनी, म्हणजे माझ्या बायकोच्या बहिणीने, नंतर सांगितलं. त्या मागच्या गाडीत नानांच्या शेजारी बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी पाइप बदलला, काहीशे रुपयांचं काम. इंजिन एका सेल्फमध्ये चालू झालं. नानांनी लिव्हर डीमध्ये टाकला. गाडी हलेना. ॲक्सिलरेटर दिला तर इंजिन नुसतं ओरडायला लागलं. आरमध्ये टाकल्यावर एक हिसका बसला, तेवढंच.

गिअरबॉक्स खोलला तेव्हा मी तिथे उभा होतो. खालचं चेंबर काढलं तर तेल काळं पडलेलं, करपलेल्या फोडणीसारखा वास. चेंबरच्या तळाशी लोहचुंबक असतो, त्याच्यावर चमकणारा चुरा साचून त्याची मिशी झाली होती. क्लचच्या प्लेटांचं अस्तर निघून पत्रा निळा पडला होता. मिस्त्रीने जो खर्च सांगितला तो गाडीच्या अर्ध्या किमतीइतका होता. नानांनी गाडी मिळेल त्या भावाला देऊन टाकली.

आणि तेव्हापासून दर आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, प्रत्येक भरीत पार्टीला नाना चार लोकांत सांगतात की गाडी विकणाऱ्याने फसवलं, गिअरबॉक्स आधीच गेलेला होता. मी काही बोललो की ठरलेलं उत्तर, "गाडी न्यूट्रलमा व्हती ना!" बाकीचे मान डोलावतात, कारण न्यूट्रल म्हणजे सगळं सुटं, असंच सगळ्यांना वाटतं.

तर ऑटोमॅटिकचं नीट ऐका. या गिअरबॉक्समध्ये तेल फिरवायला पंप असतो आणि तो पंप फिरवतं इंजिन. इंजिन बंद म्हणजे पंप बंद, पंप बंद म्हणजे तेल खाली चेंबरमध्ये पडून. इकडे चाकं आतला शाफ्ट, गिअर, काही प्लेटा फिरवतच राहतात. दोनचार किलोमीटर हळू नेली तर बहुतेक वेळा निभावतं. पन्नास किलोमीटर पिकअपच्या वेगाने निभावत नाही. सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअर नसलेली, पट्ट्यावर चालणारी ऑटोमॅटिक असेल तर आणखी नाजूक काम. एएमटी तेवढी वेगळी, ती आतून मॅन्युअलच असते, फक्त क्लच आणि गिअर यंत्र टाकतं. पण तिची बॅटरी उतरली तर ती गिअरमध्येच अडकून बसते आणि मग ओढायचा प्रश्नच येत नाही.

तुम्ही म्हणाल, अमेरिकेत नेतात की ऑटोमॅटिक. नेतात, मी पाहिलंय. मुलीकडे गेलो होतो तेव्हा एका कॅम्पवर एक म्हातारे गृहस्थ मोटरहोमच्या मागे होंडा सीआर-व्ही जोडत होते. जावयांना मध्ये घेऊन मी सगळं विचारून घेतलं. त्यांनी इंजिन चालू केलं, लिव्हर डीमध्ये नेला, थोडं थांबून एनमध्ये, आणि मग घड्याळ बघत तीन मिनिटं इंजिन तसंच चालू ठेवलं. मगच बंद. किल्ली लॉकपर्यंत आणली नाही, नाहीतर स्टिअरिंग अडकतं. ही रीत कंपनीच्या पुस्तकात लिहिलेली होती आणि ते पान त्यांनी डॅशबोर्डवर चिकटवलं होतं. तिथल्या सीआर-व्हीला ही परवानगी २०१४ च्या मॉडेलपर्यंतच होती. २०१५ ला सीव्हीटी आली आणि परवानगी गेली. तिकडचे लोक जीप रँगलर घेतात ते दिसायला छान म्हणून नव्हे, तिच्या ट्रान्सफर केसला, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणाऱ्या डब्याला, स्वतःचा न्यूट्रल असतो म्हणून. तो टाकला की चाकं गिअरबॉक्सपासून पूर्ण सुटी. नाना, वाचत असाल तर बघा, न्यूट्रल न्यूट्रलमध्ये फरक असतो. मागच्या गाडीच्या ब्रेक पेडलवर वेगळं यंत्रही बसवलं होतं, मोटरहोमने ब्रेक मारला की तिकडेही पेडल दाबलं जातं.

आता तुमचा प्रश्न. दोन लाखांत मॅन्युअल ऑल्टो बघा. वजन सातशे-साडेसातशे किलो, पुढची चाकं ओढणारी. अशा गाड्यांत डिफरन्शियलचा, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या भागाचा, मोठा गिअर त्याच तेलात बुडालेला असतो आणि चाकांबरोबर फिरून तेल उडवत राहतो, म्हणून ओढताना त्या बसपेक्षा सुरक्षित. मारुती ८०० आणखी हलकी, पण ती २०१४ ला बंद झाली, आता धड अवस्थेतली शोधावी लागते. ओम्नी, ईको नको, मागची चाकं ओढणाऱ्या, दर वेळी शाफ्ट खोलायला तुम्ही खाली शिरणार आहात का? नॅनो पुढून उचलून नेऊ नका, तिचं सगळं मशीन मागच्या चाकांवर आहे. जिप्सीला ट्रान्सफर केसचा न्यूट्रल आहे, घाटात मजबूत, पण वजन टनाच्या आसपास आणि चांगली जिप्सी दोन लाखांत कुणी देत नाही. वहिनींना क्लच जमत नाही असं लिहिलंय. ऑल्टोचा क्लच हलका असतो, जमेल त्यांना. ज्या नानांचा पाय क्लचवर टिकत नव्हता, तेसुद्धा ऐंशीच्या घरात असून आता मुलाची मॅन्युअल चालवतात.

जुन्या गाडीत मीटर केबलवर चालत असेल तर ओढतानाही किलोमीटर वाढतात, त्यामुळे विकताना रीडिंग जास्त दिसेल, हे लक्षात असू द्या. टायर तर झिजणारच.

कायद्याचंही सांगतो. आपल्याकडे धडधाकट कार चारही चाकांवर ओढत फिरायची सोय नाही. वाहतुकीच्या नियमांत नादुरुस्त किंवा अर्धवट जुळणीचं वाहन आणि नोंदणी केलेला ट्रेलर एवढंच ओढता येतं. ओढल्या जाणाऱ्या गाडीत परवाना असलेला माणूस स्टिअरिंगवर हवा, नाहीतर पुढची चाकं उचललेली हवीत. दोराचं अंतर पाच मीटरच्या आत, वेग ताशी पंचवीसच्या आत. म्हणजे तुम्हाला कार न्यायची तर नोंदणीचा ट्रेलरच लागेल. ट्रेलरवर गिअरबॉक्सची काळजी मिटते, पण कार आणि ट्रेलर मिळून टनाच्या वर वजन जातं. ट्रॅव्हलर किती ओढू शकते हे तिच्या कंपनीकडून लेखी घ्या, बॉडी बांधणाऱ्याच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. तोरणमाळ किंवा कन्नडचा घाट उतरताना ते टनभर वजन मागून ढकलत असतं, ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसतील तर निघूच नका. चढताना क्लचचा वास यायला लागला तर थांबून गार होऊ द्या.

आणि मागे ट्रेलर लावलात की रिव्हर्सचा सराव आधी मोकळ्या मैदानात करा. सारंगखेड्याच्या यात्रेसारख्या गर्दीत एकदा आत शिरलात तर मागे घेता येणार नाही. अशा गावाला जाताना मोटरहोम गावाबाहेर पेट्रोल पंपावर विचारून लावा आणि कार तिथेच उतरवून घ्या.